पडदा आधी, कार्ड मागाहून



गेल्या दिवाळीच्या आधी सोयाबीनचे पैसे हातात आले आणि आमच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे अण्णांचा निरोप आला : "शनिवारी जिल्ह्याच्या गावी जायचं आहे. पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. तुला चार अक्षरं जास्त येतात, तू बरोबर चल." पुतण्या बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला होता. पास झालास तर खेळता येईल असा कॉम्प्युटर घेऊन देईन, असा शब्द अण्णांनी त्याला दिला होता. आणि अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खिशात ऐंशी हजार होते. दुकानात शिरलो तो समोरच सत्तावीस इंची पडदा लावलेला. त्यावर डाळिंबाचा एकेक दाणा मोजून घ्यावा इतके स्वच्छ चित्र. "फोर-के आहे साहेब," दुकानदार म्हणाला. अण्णा खूष झाले. पोरगाही खूष. पडद्याचे पैसे ठरले, आणि उरलेल्या पैशांत जी पेटी बसली, जे ग्राफिक्स कार्ड बसले, ते घेतले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. तेव्हा पुढे जे झाले त्यात दोष माझाही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

घरी कॉम्प्युटर लागला. पेढे वाटले. रात्री पोराने आपला आवडता खेळ सुरू केला. मोठे शहर, पावसाने भिजलेले रस्ते, हजार दिवे, असा भारी खेळ. आणि चित्र असे अडखळत चालले, की चिखलात रुतलेली बैलगाडी बरी. पोरगा काही बोलला नाही. अण्णा रोज विचारत, "कसं काय चाललंय रे?" तो म्हणे, "छान." महिन्याभराने मला एकट्याला गोठ्यापाशी गाठून तो हळूच म्हणाला, "काका, अण्णांना सांगू नका. पण तो खेळ चालतच नाही. ऐंशी हजार पाण्यात गेले असं वाटलं तर त्यांना फार लागेल."

त्या वाक्याने मला झोप लागेना. मग मी जाणकारांना विचारत, वाचत, आकडेमोड करत बसलो. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. आज ना उद्या तुमच्या घरचा मुलगा नाही तर मुलगी हाच हट्ट धरणार आहे. तेव्हा तुमची मान आमच्यासारखी उगीच डोलू नये, एवढाच हेतू.

ठिपक्यांची रांगोळी

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. फरक इतकाच, की इथले ठिपके लाखांनी असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती, यावरून पडद्याचे माप ठरते. त्यालाच रिझोल्यूशन हा शब्द आहे. दुकानात तीन मापे कानावर पडतील.

पहिले १९२० बाय १०८०. याला फुल एचडी किंवा नुसते दहा-ऐंशी म्हणतात. गुणाकार करा : २०,७३,६०० ठिपके.

दुसरे २५६० बाय १४४०. याचे ठिपके ३६,८६,४००. म्हणजे पहिल्याच्या पावणेदोन पटीहून थोडे जास्त.

तिसरे ३८४० बाय २१६०. हेच ते फोर-के. ठिपके ८२,९४,४००. पहिल्याच्या बरोबर चौपट.

आता हे ठिपके एकदा भरून काम भागत नाही. खेळात चित्र हलते, म्हणून रांगोळी पुसून नवी काढावी लागते, तीही एका सेकंदात कैक वेळा. जत्रेत तंबूतला सिनेमा आपण पाहिला आहे. तिथे सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जात. सिनेमाला तेवढी पुरतात, कारण आपण नुसते बघत असतो. खेळात आपण बटण दाबतो आणि पडद्यावरचा गडी त्याच क्षणी वळावा अशी अपेक्षा धरतो. म्हणून तिथे सेकंदाला ३० चित्रे म्हणजे कसेबसे, ६० म्हणजे चांगले, असा हिशेब धरतात. चढाओढीने नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्यांना १२०, १४४ किंवा त्याहूनही जास्त हवी असतात.

साठ चित्रे काढायची तर एका चित्राला वेळ मिळतो सेकंदाच्या हजार भागांपैकी साडेसोळाच्या आसपास. १४४ काढायची तर सातही भाग मिळत नाहीत. फुल एचडीवर साठ चित्रे म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटींच्या घरात ठिपके भरणे. फोर-केवर तेच काम पन्नास कोटींच्या घरात जाते. आमच्या पोराचा खेळ का रुतला, ते इथेच मला उमगले.

मुकादम आणि टोळी

हे ठिपके भरतो कोण? कॉम्प्युटरच्या पेटीत दोन कामकरी असतात. एक प्रोसेसर, म्हणजे सीपीयू. हा मुकादम. हुशार, कोणतेही काम करणारा, पण त्याला हात थोडे. साधारण घरगुती यंत्रात त्याचे सहा किंवा आठ कोअर असतात. दुसरे ग्राफिक्स कार्ड. ही ऊसतोडीची टोळी. एकेक गडी साधा, पण गडी हजारोंनी. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डात असे ३,०७२ कोअर आहेत, तर ४०९० मध्ये १६,३८४. प्रत्येकाने आपापले ठिपके भरायचे, आणि सगळ्यांनी एकाच वेळी.

मुकादमाने काम नेमून द्यायचे, टोळीने ते उरकायचे. मुकादम सुस्त असेल तर टोळी बांधावर बसून राहते. टोळी तोकडी असेल तर मुकादमाने कितीही ओरडून उपयोग नाही. खेळाच्या बाबतीत एक ठोकताळा ध्यानात ठेवा. ठिपके वाढले की भार मुख्यतः कार्डावर वाढतो. सेकंदाला जास्त चित्रे मागितली की भार प्रोसेसरवरही येतो. म्हणून फुल एचडी पडद्यावर १४४ चित्रांची हाव धरणाऱ्याने प्रोसेसर चांगला पाहावा. फोर-केची हौस असणाऱ्याने आधी कार्ड पाहावे, आणि खिसाही.

अशी कार्डे बाजारात आली त्याला आता पाव शतक उलटून गेले. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले आणि घरच्या कॉम्प्युटरवर त्रिमिती खेळांना बहर आला. १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढले, आणि जीपीयू हा शब्द त्यांनीच तेव्हा रूढ केला. एटीआय ही कॅनडातली जुनी कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. तिची रेडिऑन कार्डे आजही त्याच नावाने विकली जातात. २०२२ पासून इंटेलचीही आर्क नावाची कार्डे मिळू लागली. म्हणजे आज घराणी तीन : एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. एसुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सॅफायर ही जी नावे खोक्यावर दिसतात, ती या घराण्यांच्या चिप घेऊन कार्ड बांधणाऱ्यांची. एकाच वाणाचे बियाणे वेगवेगळ्या पिशव्यांतून यावे तसे हे आहे. चिप तीच असेल, तर पंखे आणि दिव्यांच्या लखलखाटासाठी फार जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

हे सगळे परमुलखातलेच काम आहे असेही समजू नका. एनव्हिडियाचे इंजिनिअर पुण्यातही काम करतात. आणि २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा, आपल्या पुराणकथांवर बेतलेला खेळ काढला. तो देशोदेशी खेळला गेला.

पिशवीवरचे नाव नीट वाचा

कार्डाच्या नावातले आकडे म्हणजे कोडे वाटते, पण ते सोपे आहे. आरटीएक्स ४०६० मधले पहिले ४० म्हणजे पिढी, मागचे ६० म्हणजे त्या पिढीतला दर्जा. ५० म्हणजे खालचा, ६० मधला, ७० आणि ८० वरचे, ९० सर्वांत वरचा. नवी पिढी म्हणजे नेहमीच भारी असे नाही. नव्या पिढीचे ५० आणि जुन्या पिढीचे ७० यांत जुने सरस ठरू शकते.

आता फसगतीच्या तीन जागा सांगतो.

पहिली : एकच नाव, माल दोन. आरटीएक्स ३०५० या नावाने २०२२ साली ८ जीबीचे कार्ड आले, त्यात २,५६० कोअर. २०२४ साली त्याच नावाने ६ जीबीचे आले, त्यात २,३०४ कोअर आणि मेमरीची वाटही अरुंद. बिलावर नुसते '३०५०' असे लिहून घेऊ नका. जीबीचा आकडा लिहून घ्या.

दुसरी : लॅपटॉप. लॅपटॉपमधले ४०६० आणि पेटीतले ४०६० ही नावाची भावंडे आहेत, ताकदीची नव्हेत. लॅपटॉपमध्ये जागा कमी, वारा कमी, म्हणून वीज कमी पुरवतात. तेच कार्ड एका लॅपटॉपात ३५ वॅटवर, तर दुसऱ्यात ११५ वॅटवर चालते. ४०९० चे तर पेटीत २४ जीबी आणि लॅपटॉपात १६ जीबी, चिपसुद्धा वेगळी. लॅपटॉप घेताना "कार्डाला किती वॅट?" हा प्रश्न विचाराच.

तिसरी : जुने कार्ड. २०२१ च्या सुमारास आभासी नाणी पाडण्यासाठी लोकांनी ही कार्डे रात्रंदिवस राबवली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या नाण्याची रीत बदलली, तो धंदा बसला आणि राबवलेली कार्डे जुन्या बाजारात आली. जुनी मोटार घेताना आपण ती चालवून पाहतो, कितीदा रिवाइंडिंग केली ते विचारतो. तसेच इथे. जुने कार्ड वाईटच असते असे नाही, पण निदान अर्धा तास भारी खेळ चालवून, पंख्याचा आवाज आणि गरमी पाहून, मगच पैसे द्या.

खळे किती मोठे?

कार्डावर स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. हे टोळीचे खळे. खेळातल्या भिंती, झाडे, माणसांचे कपडे यांची चित्रे या खळ्यात पसरून ठेवलेली असतात. खळे पुरले तर काम झपाट्याने. खळे लहान पडले, की माल सारखा गावातल्या वखारीतून, म्हणजे कॉम्प्युटरच्या साध्या रॅममधून, ने-आण करावा लागतो. मग खेळ मध्येच धक्का खातो.

आजच्या भारी खेळांना फुल एचडीवर ८ जीबी ही खालची पायरी समजा. १४४० च्या पडद्यावर १२ जीबी असले तर बरे. फोर-केसाठी १६ च्या खाली जाऊ नये. मात्र नुसता जीबीचा आकडा पाहून भाळू नका. खळे मोठे आणि टोळी चार गड्यांची, तर रास कधी उरकणार?

सरासरी पावसाचा धडा

दुकानदार सांगेल, "यावर सरासरी साठ फ्रेम मिळतात." सरासरी या शब्दाने शेतकऱ्याला फसवणे अवघड. तालुक्याचा सरासरी पाऊस कागदावर पुरा भरतो, पण मध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला तर पीक गेलेच. खेळातही तसेच. सरासरी साठ असून अधूनमधून वीसवर येत असेल, तर तो खंडच डोळ्यांना बोचतो. म्हणून जाणकार लोक सर्वांत हळू एक टक्का चित्रांचा वेगळा आकडा काढतात. सरासरी सत्तर आणि खालचा आकडा पंचावन्न, हे कार्ड सरासरी ऐंशी आणि खालचा आकडा तीस अशा कार्डापेक्षा चांगले.

पडद्यालाही आपला वेग असतो. तो हर्ट्झमध्ये सांगतात. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठदाच चित्र बदलतो. कार्डाने दीडशे चित्रे पाठवली तरी वरची नव्वद तुम्हाला पुरी दिसत नाहीत. उलट १४४ हर्ट्झचा पडदा आणि पन्नास चित्रे काढणारे कार्ड, हेही विजोडच. फ्रीसिंक किंवा जीसिंक असलेला पडदा मात्र कार्डाच्या चालीशी आपली चाल जुळवून घेतो. दोन बैल एका चालीचे असावेत तसे. थोड्या जास्त पैशांत मिळत असेल तर जरूर घ्यावा.

मग घ्यावे काय?

आता मुख्य गोष्ट. आम्ही उलट्या क्रमाने गेलो, तुम्ही सुलट्या क्रमाने जा.

आधी मुलाला जवळ बसवा आणि विचारा, "तू खेळणार काय?" रागाने नको, समजून घेण्यासाठी. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट असे हलके खेळ असतील, तर वेगळ्या कार्डाची गरज नसेलही. काही प्रोसेसरांत साधे कार्ड अंगभूतच असते, उदाहरणार्थ एएमडीचा रायझन ५ ५६००जी. त्यावर फुल एचडीत हे खेळ चालतात. मात्र रॅमची एकच पट्टी न घेता दोन घ्यायच्या, कारण अंगभूत कार्ड रॅमवरच जगते. कार्डाचे पैसे वाचले तर पुढच्या वर्षी बसवता येईल, पेटीत जागा असतेच.

सायबरपंक २०७७ किंवा ॲलन वेक २ यांच्यासारखे भारी खेळ असतील, तर वेगळे कार्ड लागेल. पण 'एल्डन रिंग' सारखा मोठा खेळही साठ चित्रांच्या वर जात नाही, करणाऱ्यांनीच तशी मर्यादा घातली आहे. मग त्या खेळासाठी १४४ हर्ट्झचा आग्रह कशाला?

खेळ ठरले की पडदा ठरवा. टेबलाशी बसून खेळायचे तर २४ इंचांवर फुल एचडी छान दिसते. एका इंचात ९२ ठिपके येतात. तेच फुल एचडी २७ इंचांवर ताणले तर इंचात ८२ च येतात आणि अक्षरे जरा भरड दिसतात. म्हणून २७ इंच घ्यायचा असेल तर १४४० चा घ्यावा. त्यात इंचाला १०९ ठिपके पडतात.

पडदा ठरला की मग कार्ड. फुल एचडी आणि साठ ते शंभर चित्रांसाठी ६० च्या दर्जाचे ८ जीबीचे कार्ड पुरते. एएमडीची आरएक्स ६६०० आणि ७६००, एनव्हिडियाची ४०६० आणि ५०६० ही या वर्गातली. १४४० च्या पडद्यासाठी एक पायरी वर, १२ किंवा १६ जीबीचे. फोर-केसाठी ८० किंवा ९० चा दर्जा, आणि त्याची किंमत ऐकून पोटात गोळा येतो. शेतकरी घराने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. फुल एचडीवर सुरळीत चालणारा खेळ फोर-केवर रखडणाऱ्या खेळापेक्षा शंभर पटींनी गोड.

कार्डांचे भाव कांद्यासारखे खालीवर होतात, म्हणून इथे आकडे देत नाही. दोन-तीन ठिकाणी विचारा. पक्के जीएसटी बिल घ्या, त्यावर कार्डाचे पूर्ण नाव आणि जीबी लिहून घ्या, वॉरंटी किती वर्षांची ते पाहा. आणि पैसे देण्याआधी म्हणा, "याच पडद्यावर, याच रिझोल्यूशनवर, हा खेळ चालवून दाखवा आणि कोपऱ्यात फ्रेमचा आकडा लावा." बैल चालवून पाहिल्याशिवाय आपण बाजारातून आणतो का?

वीज, धूळ आणि वारा

गावातली वीज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. कार्डाची भूक वॅटमध्ये मोजतात. ४०६० ला ११५ वॅट, आरएक्स ६६०० ला १३२, तर ४०९० ला ४५०. २०२५ साली आलेल्या ५०९० ला तर ५७५. मध्यम कार्डाचा कॉम्प्युटर पडद्यासकट खेळताना साधारण ३०० वॅट खातो असे धरा. रोज तीन तास खेळले तर महिन्याला २७ युनिट. पाच एचपीची मोटार ३,७३० वॅटची असते, म्हणजे ती सव्वासात तास चालली की तेवढेच युनिट होतात. बिलाची फार भीती नाही. भीती आहे ती कमी-जास्त दाबाची.

म्हणून पेटीतला वीजपुरवठा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो चांगल्या कंपनीचा, ८० प्लसचा शिक्का असलेला घ्या. दुकानदार काटकसर करतो ती नेमकी इथे. घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यूपीएस ६०० व्हीएचा असला तर साधारण ३६० वॅटच झेपतात, काठावरचे काम होते. १,००० व्हीएचा बरा. लाइट गेली की तो काही मिनिटे देतो. तेवढ्यात खेळ जतन करून यंत्र नीट बंद करायचे, खेळत राहायचे नाही.

पेटी भिंतीला चिकटवून, धान्याच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. मळणीच्या दिवसांत धूळ पंख्यात बसते, कार्ड तापते आणि तापले की स्वतःच आपला वेग कमी करते. दोन-तीन महिन्यांनी यंत्र बंद करून, पंखा बोटाने धरून, हवेच्या झोताने धूळ काढावी. ओले फडके लावू नये.

पैसे न घालता वेग

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करतो. हे सारे समजल्यावर मी एका रविवारी पुतण्याच्या शेजारी जाऊन बसलो.

पहिल्यांदा पडद्याची वायर पाहिली. ती कार्डाच्या भोकात असायला हवी, मदरबोर्डाच्या नव्हे. पुष्कळ घरी ही चूक होते आणि कार्ड आयते बसून राहते. आमची वायर बरोबर होती. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये पडद्याचा वेग पाहिला. १४४ चा पडदाही कधीकधी तिथे ६० वरच राहिलेला असतो. आमचा पडदा साठचाच, तोही बरोबर.

मग खेळातले रिझोल्यूशन ३८४० वरून १९२० बाय १०८० वर आणले. इथे एक नशिबाची गोष्ट होती. फोर-केचे ठिपके फुल एचडीच्या बरोबर चौपट, म्हणून एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके चपखल बसतात. १४४० च्या पडद्यावर असा भागाकार पुरा जात नाही आणि चित्र जास्त धूसर होते. त्यानंतर रे ट्रेसिंग बंद केले. प्रकाशाचा एकेक किरण मोजणारे हे काम फार मेहनतीचे, लहान कार्डाला न झेपणारे. सावल्या एक पायरी खाली आणल्या. आमचे कार्ड ६ जीबीचे, म्हणून टेक्स्चरही मध्यमवर ठेवले.

शेवटी अपस्केलिंग सुरू केले. ही अलीकडची करामत आहे. एनव्हिडियाचे डीएलएसएस २०१८ च्या पिढीपासून, एएमडीचे एफएसआर २०२१ पासून, इंटेलचे एक्सईएसएस २०२२ पासून. यात कार्ड लहान रांगोळी काढते आणि मग हिशेबाने ती मोठी करते. फुल एचडीवर क्वालिटी हा पर्याय ठेवला तर आत १२८० बाय ७२० चेच चित्र निघते. एक सावधगिरी मात्र सांगतो. फ्रेम जनरेशन नावाचा दुसरा पर्याय असतो. तो दोन खऱ्या चित्रांमध्ये एक बनवलेले चित्र घालतो. आकडा फुगतो, पण बटणाला मिळणारे उत्तर त्याने लवकर येत नाही. मुळात साठच्या आसपास चित्रे असतील तरच तो वापरावा. खालच्या वेगाला त्याची मलमपट्टी करू नये.

पोराने खेळ सुरू केला. कोपऱ्यातला आकडा आधी पंधराच्या आत होता, तो पन्नासाच्या वर गेला आणि तिथेच राहिला. भिजलेल्या रस्त्यावरून गाडी सुळकन निघून गेली. पोरगा माझ्याकडे बघून नुसता हसला. एक रुपया खर्च झाला नव्हता.

मी म्हणालो, "आता अण्णांना सांग." तो कचरला. पण मी हाक मारलीच. अण्णा आले, खाटेवर टेकले. पोराने खाली मान घालून सगळे सांगितले. अण्णांनी ऐकून घेतले, पडद्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "म्हणजे तीन एचपीच्या मोटारीवर चाळीस तुषारतोट्या लावल्या होत्या म्हणा की! पाणी होतंच, दाब पुरत नव्हता. आता दहावर आणल्या." मी इतकी पाने वाचून जे समजलो ते त्यांनी एका वाक्यात मांडले.

मग ते पोराकडे वळले. "पण काय रे, मोटार पाणी ओढत नाही हे महिनाभर सांगायचं नाही, तर रान वाळलं असतं की." पोराच्या डोळ्यांत पाणी आले. अण्णांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "चल, चालवून दाखव तुझी गाडी."

जाता जाता

दोन गोष्टी आणखी. कार्ड कितीही भारी घेतले तरी इंटरनेटची लाइन मंद असेल तर दूरच्या गड्यांशी खेळताना अडखळणारच. तो दोष कार्डाचा नव्हे. आणि आपण आज बोललो ते खेळ वेगळे, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. त्या दुसऱ्यांना बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. मुलाला हा फरक समजावून सांगा.

तर मंडळी, खरेदीला निघताना एका कागदावर चार ओळी लिहून खिशात ठेवा : खेळ कोणते, पडदा किती ठिपक्यांचा, त्याला झेपेल असे कार्ड कोणते आणि किती जीबीचे, वीजपुरवठा कोणता. लिहिताना मुलाला शेजारी बसवा. ऐंशी हजारांचा सौदा असो की आठशेचा, घरातल्या घरात एकमेकांना खरे सांगता आले म्हणजे कोणताच पैसा पाण्यात जात नाही.